काचेवरची टिकली आणि मामाचा नेम

परवा नगरला, सावेडीत भावाकडे गेले होते. हॉलमध्ये पाऊल टाकते न टाकते तोच आतल्या खोलीतून भाच्याचं केकाटणं ऐकू आलं. "हे चीटिंग आहे! नेम तू धरतच नाहीस, मशीन धरतंय!" मला वाटलं, कुणी पोरगं घरी येऊन भांडतंय. बघते तर ओजस एकटाच. कानावर ते भलंमोठं हेडफोन, समोर पडदा, आणि भांडण चाललंय नागपूरच्या कुठल्याशा मित्राशी. खेळ बंदुकांचा. ओजस माऊस-कीबोर्डवाला आणि मित्र कंट्रोलरवाला. कंट्रोलर हातात असला की खेळ स्वतःच नेम धरायला मदत करतो म्हणे, मग जिंकलं कोण, असा तो वाद.

मी चहा तसाच ठेवला आणि त्याच्या पलंगावर जाऊन बसले. वहिनीला वाटलं असेल, या बाईला आता काय झालं!

"तुझ्याकडे आहे का रे एखादा कंट्रोलर? दे बघू मला."

"आत्या, तुला नाही जमणार."

अरे वा! मला जमणार नाही म्हणे. त्यानं खणातून एक काढून दिला. पडद्यावर भिंतीआडून हिरव्या कपड्यातला एक शत्रू निघाला. मी अंगठ्यानं ती छोटी दांडी कलती केली. नेमाची खूण सरकत सरकत त्याच्या छातीजवळ आली आणि एकदम जड झाली, काकवीत बोट फिरवावं तशी. तो चालला तशी तीही त्याच्याबरोबर थोडी चालली. चाप दाबायच्या आधीच माझ्या अंगठ्याला कळलं, की इथं आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे.

"मामा!" मी बोलून गेले.

"कोण मामा?" ओजसनं एका कानावरचं हेडफोन सरकवलं.

आता याला कुठून सांगायला लागू? याच्या बापाला तरी कुठं काय आठवतंय, तो तेव्हा जेमतेम पहिलीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सावेडीत तेव्हा इतकी गर्दी नव्हती. दोन बंगल्यांच्या मध्ये मोकळे प्लॉट असायचे, त्यांत गाजरगवत आणि शेळ्या. तशाच एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये डॅनियलदादाचा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी मोठी मुलं टायपिंग आणि डॉस शिकायला यायची. दुपारी मशीनं मोकळी झाली, की डॅनियलदादा त्यांना वायरीनं एकमेकांशी जोडायचा आणि आम्ही पोरंपोरी त्या एकाच अंधाऱ्या किल्ल्यात शिरून एकमेकांवर गोळ्या झाडायचो. दादा चर्चमध्ये गाणाऱ्यातला. मशीन उघडताना, वायर सोलताना त्याच्या नाकातल्या नाकात प्रार्थनेची चाल चालू असायची. रविवारी चर्च आटपून आला की अंगाला पावडरचा वास, पायात चकचकीत बूट, आणि तेही तो आमच्यासारखेच दाराबाहेर काढून ठेवायचा.

कारण चपला आत न्यायच्याच नाहीत. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, हा तेव्हाचा कडक सोवळ्याचा नियम. मॉनिटरला झालर लावलेलं कापडी कव्हर, कीबोर्डला वेगळं. ते अंगडं-टोपडं उतरवून मशीन चालू केलं, की तापलेल्या धुळीचा एक वास सुटायचा. त्यात स्पिरिटचा वास मिसळायचा. बाहेर उन्हात तापणाऱ्या चपलांचाही मिसळायचा. तो सगळा मिळून मला अजून कुठं मिळाला तर मी उभ्या जागी तेरा-चौदा वर्षांची होईन.

स्पिरिट माऊससाठी. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती टेबलावरचा सगळा मळ गोळा करून आतल्या बारीक रुळांना गुंडाळायची. मग नेम अडखळायचा, वेडावाकडा पळायचा. म्हणून क्लासात एक रीतच पडून गेली होती. कुणी हरलं की लगेच ओरडायचं, "दादा, माऊस घाण आहे!" डॅनियलदादा कधी म्हणाला नाही की घाण नाही, तूच ढ आहेस. मांडी घालून बसायचा, माऊस उताणा करायचा, गोळी तळहातावर घ्यायचा, नखानं रुळांवरचा मळ काढायचा, फुंकर मारायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. तेवढ्या वेळात हरणाऱ्याचं तोंड जरा ताळ्यावर यायचं. माऊस स्वच्छ असला तरी दादा हे सगळं करायचा, हे मला फार उशिरा कळलं.

त्या खेळात नेमाची खूण नव्हती. पडद्याचा मधोमध कुठं हे अंदाजानं ताडायचं. एकदा मी वैतागून आईच्या पाकिटातली मरून रंगाची टिकली आणली आणि मॉनिटरच्या काचेवर बरोब्बर मधोमध चिकटवली. झालं! त्या दिवसापासून तिन्ही मशीनांना टिकल्या लागल्या. पोरं स्वतःच्या आयांच्या टिकल्या चोरून आणायची. किल्ला फिरायचा, भिंती फिरायच्या, राक्षस नाचायचे. टिकली आपली जागेवर. ज्याला टिकलीखाली आणाल तो मेला.

माऊसवर तसं होतं, पण तिसऱ्या मशीनला दादानं जॉयपॅड लावला होता. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. अंगठ्यानं इतकं बारीक वळता येत नाही, म्हणून रिमोट घेणाऱ्याला दादा खेळातली नेमाची मदत चालू करून द्यायचा. टिकली शत्रूच्या शेजारी असली, तरी गोळी थोडी वळून त्यालाच लागायची. आजच्यासारखा नेम चिकटायचा नाही, तेव्हा गोळीच वळायची. रिमोटवर लहान पोरं बसायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मामा बसेपर्यंत नव्हती.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, भानुदास. फौजेत रणगाड्यावर गनर होता. गाव श्रीगोंद्याकडचं, पण पेन्शनीत आल्यावर नगरातच राहिला, आमच्याकडे. दिल्लीगेटजवळच्या एका पतसंस्थेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन पहारा करायचा. समोर शाळा होती. शाळेतली पोरं जाता-येता त्याला कडक सलाम ठोकायची आणि तोही त्यांना तितकाच कडक परत करायचा. ड्यूटी संपली की बंदूक तिथंच तिजोरीच्या खोलीत ठेवायची आणि सायकलवरून मला क्लासातून घरी न्यायचं, असा आईचा हुकूम होता. त्याच्या अंगाला खळीच्या इस्त्रीचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास. सायकलच्या मधल्या दांडीवर बसलं की तो वास अगदी कानाशी यायचा.

उन्हाळ्यात दुपारी फौजेच्या रेंजवर रणगाड्यांचं फायरिंग चालायचं. सावेडीपर्यंत दणका यायचा, फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. आई म्हणायची, "चाललं यांचं!" मामा सुट्टीचा घरी असला, की घास तसाच हातात धरून ऐकत राहायचा. "ही नवी गाडी," म्हणायचा. रणगाड्याला तो कधी रणगाडा म्हणाला नाही. गाडी.

तर एके दिवशी मला न्यायला आला, बूट काढून आत शिरला आणि माझ्यामागं उभा राहून बघायला लागला. "सुभेदार, मला बी दाव की हे." मला तो सुभेदार म्हणायचा. रिमोट रिकामा होता. मामानं तो दोन्ही हातांत घट्ट धरला, मांडीवर टेकवला आणि बघता बघता त्यानं मला मारलं. पुन्हा मारलं. आख्ख्या क्लासात माझ्यासमोर कुणी टिकत नव्हतं, आणि हा पहिल्यांदा रिमोट धरणारा माणूस मला कोपऱ्याकोपऱ्यात लोळवतोय! माझं टाळकंच सटकलं.

"हे खोटंय मामा! तू नाही मारलंस, मशीननं मारलं."

"मशीननं मारलं व्हय? बरं बरं. मग डॅनियल, चहा बी मशीनलाच पाज." सगळा क्लास हसला. मी नाही हसले.

घरी जाताना मी सायकलवर फुगून बसलेली. पाईपलाईन रोडच्या उतारावर मामाच बोलायला लागला. "आमच्या जुन्या गाडीत तोफंची नळी हातानं फिरवायची. चाक असायचं. गाडी थांबवायची, दम धरायचा, मग फायर. नवी गाडी आली आन् लई जिवावर आलं आमच्या. गाडी खड्ड्यातनं उड्या मारतीया, पन नळी निशान्यावरनं हालत न्हाई! जुने गनर म्हनायचे, मग आपन आत बसून करायचं काय?"

"बरोबरच आहे त्यांचं."

"आगं, पन निशाना कोनचा, ते ठरवनारा मीच हाय की. गाडीला काय कळतंय?"

"आणि तुझा हात हलला तर?"

 "हात हालला तरी नळीपतुर पोचत न्हाई," मामा म्हणाला.

मला मात्र किडा चावला. मदत कितीशी करतं हे मशीन? कुठपर्यंत? कुणाला? मे महिन्याची सुट्टी होती, दुसरा उद्योग नव्हता. मी टिकल्यांचं आख्खं पाकीट घेऊन बसले. मधल्या टिकलीभोवती एक एक टिकली लांब लांब चिकटवत नेली आणि रिमोटवरून कुठपर्यंत गोळी वळते ते बघितलं. चार बोटांच्या आत शत्रू असला की वळायची. त्यापुढं नाही. भिंतीआडच्याला ती शोधत जायची नाही. पाठीमागचा तिला दिसायचाच नाही. मॉनिटर गोवर आल्यासारखा दिसायला लागला. डॅनियलदादा एरवी काचेला बोट लावू द्यायचा नाही, पण आता तोही खुर्ची ओढून शेजारी बसला. त्यानं नेमाची मदत बंद-चालू, बंद-चालू करून दाखवली. मामा ड्यूटीवरून आला की माझ्याआधी विचारायचा, "काय घावलं आज?"

एक प्रश्न त्यानं फार लावून धरला. "आपला मानूस आडवा आला तर गोळी काय करती?"

आम्ही तेही करून बघितलं. दादा आणि मामा एका बाजूला, मी विरुद्ध बाजूला. दादा मुद्दाम मामाच्या नेमासमोर येऊन उभा राहिला. मामानं चाप दाबला. गोळी दादाला लागली, पण त्याला काहीच झालं नाही. खेळाला ठाऊक होतं, हा आपला. मामानं पुन्हा झाडून बघितली. दादा पडद्यावर टुणटुण उड्या मारत राहिला.

"आयला!" मामा म्हणाला. "असली बंदूक पायजे बघ."

तो हसत होता, पण मी त्याच्या हाताकडे बघत होते. रिमोट खाली ठेवताना उजवा हात थरथरत होता. मग एकेक लक्षात यायला लागलं. मामा हल्ली बशीत चहा ओतत नव्हता, कप दोन्ही हातांत धरून प्यायचा. शर्टाची बटणं आमच्याकडे पाठ फिरवून लावायचा. उभा असला की उजवा हात खिशात. रिमोट मांडीवर का टेकवायचा, तेही कळलं. मी सायकलवर हळूच विचारलं, "मामा, हात दुखतो का?"

"दुखत न्हाई." मग म्हणाला, "ताईला बोलू नगंस. नुसतं वाऱ्यानं व्हतंय. जाईल."

मला त्याची भीती पहिल्यांदा तेव्हा कळली. हात गेला की बंदूक जाणार, आणि बंदूक गेली की मामाकडे गनरचं काय उरणार? त्या दारात तो ज्या ताठ मानेनं उभा राहायचा ना, तसा घरात कधी नसायचा. मी मनात ठरवलं, वाराच असेल. रिमोटवर कसा टिपतोय बघा की! ज्याचा हात गेला तो असा टिपेल का? आणि माझी खात्री आहे, मामाही रोज तेवढ्यासाठीच येत होता. रोज रिमोट धरायचा, रोज जिंकायचा, आणि घरी जाताना शीळ घालायचा.

सुट्टी संपत आलेली. ढग नुसते दाटून जायचे, पडायचे नाहीत. गॅरेजचा पत्रा तापलेला, टेबलफॅन एका मशीनकडून दुसऱ्याकडे मान फिरवतोय. मामानं त्या दिवशी सगळ्यांना हरवलं होतं. पोरं शिट्ट्या मारत होती. आणि तो एकदम म्हणाला, "डॅनियल, ती मदत बंद कर. मला माऊस दे."

मी उठून त्याला माझी जागा दिली. त्याच्यासाठी दादानं एक राक्षस उभा करून ठेवला, न हलणारा. मामानं माऊसवर हात ठेवला.

टिकली तर काचेवर पक्की होती. तिच्यामागचा सगळा किल्ला थरथरायला लागला. भिंती, मशाली, तो राक्षस, सगळं बारीक बारीक हलत होतं. मामानं दम धरला. तरी हलत होतं. त्यानं क्लिक केलं. गोळी राक्षसाच्या बाजूनं भिंतीत गेली. पुन्हा केलं. पुन्हा भिंतीत. राक्षस आपला उभा.

मग कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "दादा, माऊस घाण आहे!"

डॅनियलदादा लगेच मांडी घालून बसला. गोळी काढली, रूळ खरवडले, बोळा फिरवला. प्रार्थनेची चाल चालू होती. मामानं पुन्हा धरला. किल्ला तसाच थरथरत होता. दादा म्हणाला, "हा माऊसच जुना झालाय, थांबा," आणि बाजूच्या मशीनचा काढून लावला. तसंच. दादानं तोही उताणा केला आणि पुन्हा गोळी काढायला लागला. त्यात काहीच मळ नव्हता, मला दिसत होतं. तरी तो नखानं खरवडतोय, खरवडतोय. त्याची चाल मात्र बंद पडली होती.

मामानं तिसऱ्यांदा माऊस धरला तेव्हा मला राहवलं नाही. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला आणि घट्ट दाबला.

किल्ला थांबला. राक्षस टिकलीखाली स्थिर झाला. मामाच्या बोटानं क्लिक झालं आणि तो कोसळला.

कुणी शिट्टी मारली नाही. मामानं माझ्या हाताखालून आपला हात सोडवून घेतला. "माऊस साफ हाय, डॅनियल," म्हणाला. "उगी नको त्याला खरवडू." बाहेर जाऊन बूट घालायला बसला. नाडी बांधायला त्याला वेळ लागला, आणि आम्ही कुणी तिकडं बघितलं नाही.

"मग?" ओजसनं विचारलं. हेडफोन कधीच गळ्यात आलं होतं. नागपूरचा मित्र तिकडून "अरे आहेस का?" म्हणून ओरडत होता. "म्हणजे मामाआजोबा मदतीशिवाय हरले. मी तेच म्हणतोय ना! मदत म्हणजे खोटंच."

"गप रे," मी म्हटलं. "खोटं कसं? मशीनच्या मदतीनं तो खेळला, हसला, मला त्यानं लोळवलं. मजा आलीच की. रोज आली. तुझ्या त्या मित्रालाही येऊ दे. मामाला फक्त एवढंच बघायचं होतं, की मदत काढून घेतली तर मागं किती उरतं."

"का पण?"

का ते मग त्याला सांगितलं. मामाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी मामा भर दुपारी घरी आला. ड्यूटीची वेळ, आणि हा दारात. काडतुसांचा पट्टा नाही, टोपी काखेत. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच विचारलं, "का रे भानू? बरं नाही का?"

"बंदूक जमा करून आलो, ताई. सोडली नोकरी."

आईनं जी तोफ डागली! एवढी चांगली नोकरी, घराजवळ, सावलीत, मानाची. कुणी काही बोललं का, भांडलास का, डोकं फिरलंय का तुझं? तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं चालूच. मामा भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं एकदाही हाताचं नाव काढलं नाही. आई दमून थांबली, तेव्हा म्हणाला, "दारासमोरनं पोरं जात्यात, ताई. शाळा सुटली की निस्ती झुंबड आसती. तिथं गोळी वळत न्हाई."

"काय बडबडतोस?" आई म्हणाली आणि करपलेली भाकरी उलटायला वळली.

मला कळलं. आख्ख्या घरात फक्त मला कळलं. मी जाऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. त्याचा उजवा हात त्या दिवशी खिशात नव्हता, गुडघ्यावर उघडा पडला होता. मी तो माझ्या हातात घेतला. तो माझ्या हातात थरथरत राहिला, आणि या वेळी मी दाबला नाही. हलू दिला.